बाहेरच्या पार्टाचा बागुलबुवा

‘बाहेरचा पार्ट लावलात की इंजिनची वॉरंटी गेली म्हणून समजा.’ गाडी विकताना हे वाक्य कुणी उच्चारत नाही. तेव्हा मायलेज, सनरूफ आणि एक्स्चेंज बोनसच्या गप्पा चाललेल्या असतात. पहिल्या-दुसऱ्या सर्व्हिसिंगला काउंटरवरचा सल्लागार ते सांगतो, आणि इतक्या सहज सांगतो की समोरच्याला ते कायद्यातलं कलमच वाटावं. तिथून ते बाहेर पडतं आणि गावभर फिरतं. शेजारी सांगतो, मेहुणा सांगतो, पंपावर हवा भरणारा पोरगा सांगतो. गॅरेजचा मिस्त्रीसुद्धा नव्या गाडीचं बॉनेट उघडण्याआधी विचारतो, ‘वॉरंटीत आहे का? मग मला हात लावायला लावू नका.’ ज्याच्या पोटावर हे वाक्य पाय देतं, त्यालाही ते पटलेलं आहे.

माझं म्हणणं असं की हे वाक्य ज्या सरसकट रूपात सांगितलं जातं, त्या रूपात ते खरं नाही. त्यात खऱ्याचा एक अंश आहे आणि तो मी लपवणार नाही. पण तेवढ्या अंशाच्या आडोशाने जो धाक उभा केला आहे, त्याला कायद्याचा आधार नाही, तंत्राचाही नाही.

वॉरंटीची पुस्तिका बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसी आणि जुन्या पावत्यांखाली दबलेली असते. ती उघडली तर मूळ वचन साधं निघतं. मालात किंवा जोडणीत दोष निघाला, तर ठरलेल्या मुदतीत किंवा ठरलेल्या किलोमीटरच्या आत कंपनी तो भाग फुकट दुरुस्त करील किंवा बदलून देईल. पुढची पानं अपवादांची. घासून संपणारे भाग त्यात नाहीत, अपघात नाही, भेसळीचं इंधन नाही. आणि मग येतो आपला मुद्दा. काही पुस्तिका कंपनीने मान्य न केलेल्या भागामुळे झालेलं नुकसान वॉरंटीबाहेर ठेवतात. काही पुस्तिका असा भाग बसवलेली अख्खी गाडीच वॉरंटीबाहेर काढतात. पहिली अट रास्त आहे. दुसरी दादागिरी आहे. काउंटरवर पहिलीचा अर्थ दुसरीसारखा सांगितला जातो, ही खरी गोम.

सांगोल्याच्या बाजारात धन्याने खोंड विकताना ‘डोळ्याने, दाताने, खोडीने चोख’ अशी खात्री दिली. तुम्ही तो घरी आणला आणि पायांना पत्र्या गावातल्या माणसाकडून मारून घेतल्या. महिन्याभरात खोंड एका डोळ्याने अधू निघाला. ‘पत्री बाहेरून मारलीत, आता माझी खात्री संपली’ असं विकणारा म्हणाला, तर अख्खा बाजार त्याला हसेल. खोंड लंगडायला लागला असता, तर मात्र पत्री कुणी मारली, खिळा कुठे गेला, हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क होता. शेतकऱ्याला जो फरक सांगावाही लागत नाही, तो मोटारीच्या शोरूममध्ये शिरताना आपण पायताणांसोबत दाराशी ठेवून जातो.

शहरातल्या माणसाला हा वाद चैनीचा वाटेल. वर्कशॉप दोन सिग्नलवर असेल तर बाहेर जायचंच कशाला? मोडनिंबमध्ये हिशेब निराळा आहे. माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर महामार्गावरचं हे गाव. इथून सोलापूर साठेक किलोमीटर. सकाळी गाडी घेऊन निघायचं, टोल भरायचा, जॉबकार्ड निघेपर्यंत बाकड्यावर बसायचं, ‘पार्ट पुण्याहून येणार आहे’ हे ऐकून परत यायचं, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. डाळिंबाच्या किंवा द्राक्षांच्या तोडणीत पिकअप एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं बुडालं, शिवाय माल दुसऱ्याच्या गाडीत गेला. अशा वेळी ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एखादा बेल्ट गावातच बदलून घेणं हा हट्ट नसतो, गरज असते. आणि त्या गरजेलाच धाक घातला जातो, कारण डीलरचा गाडी विकण्यातला नफा पातळ आणि सर्व्हिस व पार्टमधला जाड असतो. धंद्यातला कुणीही हे खासगीत सांगेल.

आता कायद्याचं पाहू. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी एक आदेश दिला. गाडी बाळगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने इतका महत्त्वाचा आणि इतका कमी वाचला गेलेला दुसरा आदेश मला माहीत नाही. शमशेर कटारिया या ग्राहकाने २०११ साली तक्रार केली होती. सुरुवातीला ती तीन कंपन्यांविरुद्ध होती: होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट. तक्रारीचा आशय असा, की कंपन्या अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि गाडीचा संगणक वाचणारी उपकरणं खुल्या बाजारात मिळूच देत नाहीत. त्यामुळे बाहेरचा मेकॅनिक काम करू शकत नाही आणि ग्राहकाला अधिकृत वर्कशॉप सांगेल तो भाव मोजावा लागतो. चौकशी सुरू झाली, तशी ती तीन कंपन्यांपुरती राहिली नाही. शेवटी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड झाला.

महाराष्ट्राने हा आदेश जरा जास्तच लक्षपूर्वक वाचायला हवा होता, कारण त्या चौदांतल्या निम्म्या कंपन्यांचे कारखाने तेव्हा आपल्याच राज्यात होते. टाटा पिंपरीत, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज चाकणला, फियाट रांजणगावला, जनरल मोटर्स तळेगावला, स्कोडा औरंगाबादला, महिंद्रा नाशिक आणि चाकणला. सर्वांत मोठा दंड टाटा मोटर्सला झाला, सुमारे १,३४६ कोटी. मारुतीला ४७१ कोटी, महिंद्राला २९२ कोटी. पुढल्या वर्षी, २०१५ मध्ये, ह्युंदाईलाही वेगळ्या आदेशाने ४२० कोटींचा दंड झाला.

आकड्यांपेक्षा आयोगाचा युक्तिवाद महत्त्वाचा. कंपन्या म्हणत होत्या, बाजारात इतक्या गाड्या आहेत, इतकी स्पर्धा आहे, आमची मक्तेदारी कुठली? आयोगाने उत्तर दिलं की गाडी विकत घेईपर्यंत स्पर्धा आहे, हे खरं. एकदा एका कंपनीची गाडी घेतली की तिच्या पार्टांच्या बाजारात मात्र ती एकच कंपनी उरते, कारण दुसऱ्या कंपनीचा पार्ट तिला बसत नाही. तिथे प्रत्येक कंपनी आपापल्या गाडीपुरती सत्ताधीश आहे. मग कंपन्यांनी दुसरा मुद्दा काढला: ग्राहक गाडी घेतानाच तिच्या आयुष्यभराच्या दुरुस्तीचा हिशेब मनात करतो आणि मगच निवड करतो. हाही आयोगाने फेटाळला. योग्यच केलं. पाच वर्षांनी इंजेक्टरचा भाव काय असेल, हे शोरूमचा मालकही सांगू शकत नाही. ते गिऱ्हाइकाने कर्जाच्या कागदांवर सह्या करताना गणित मांडून ठरवावं, ही अपेक्षा फक्त वकीलच करू शकतो.

आणि याच आदेशात आपल्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. ग्राहकाने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्याकडून काम करून घेतलं एवढ्या कारणावरून वॉरंटी रद्द होईल, अशी सरसकट अट घालू नका, असं आयोगाने कंपन्यांना बजावलं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच, आणि परिस्थितीवरून तसं स्पष्ट दिसत असेल तरच, वॉरंटी नाकारता येईल. सुरक्षेसाठी आवश्यक ती खबरदारी घ्यायला कंपन्यांना मोकळीक ठेवली, पण ‘बाहेर गेलास की संपलं’ या धोरणाला नाही. सोबत असंही सांगितलं, की कंपन्यांना भाग पुरवणाऱ्या उत्पादकांना ते भाग खुल्या बाजारात विकू द्या, आणि दुरुस्तीची माहिती व उपकरणं बाहेरच्यांनाही मिळू द्या.

हा आदेश म्हणजे संसदेचा कायदा नव्हे, आणि त्याच्या दंडाविरुद्ध कंपन्या निरनिराळ्या न्यायपीठांपुढे गेल्या. अपिलीय न्यायाधिकरणाने ९ डिसेंबर २०१६ रोजी टोयोटा, फोर्ड आणि निसान यांच्या बाबतीत आयोगाचे निष्कर्ष कायम ठेवले. दंडाचा हिशेब मात्र एकूण उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर आणला. पुढची लढाई सर्वोच्च न्यायालयाच्या दारात गेली. तेव्हा या आदेशाचा कागद फडकावला की शोरूमने लगेच नमतं घ्यावं, इतकं ते सोपं नाही. पण ‘कायदाच असा आहे’ असं सांगणाऱ्या सल्लागाराला कायद्याची दिशा नेमकी उलटी आहे, हे सांगण्यापुरता तो पुरेसा आहे.

शिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच. एक वस्तू किंवा सेवा मिळवण्यासाठी दुसरी घेण्याची सक्ती करणं ही त्या कायद्याने प्रतिबंधक व्यापार प्रथा ठरते. ग्राहकावर अवाजवी अट लादून त्याचं नुकसान करणारा करार अनुचित करारात मोडतो. ‘आमचाच फिल्टर घ्या, नाहीतर पिस्टनची हमी विसरा’ या अटीला या दोन व्याख्यांच्या उजेडात उभं करून बघा. अमेरिकेत ही गोष्ट १९७५ पासून कायद्यात स्पष्ट शब्दांत आहे. विशिष्ट ब्रँडचा भाग वापरण्याची अट घालून वॉरंटी अडवता येत नाही. २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनसारख्या मातब्बर कंपनीला तिथल्या व्यापार आयोगाने याच कारणावरून वॉरंटीची भाषा बदलायला लावली. आपल्याकडे त्याच वर्षी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वाहनं व शेती अवजारं तिच्या यादीत घातली. ट्रॅक्टरवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

इथवर आलं की समोरून ठरावीक बचाव सुरू होतात. त्यातला पहिला: ‘इंजिन आम्ही बनवलंय, त्यात काय बसवायचं ते आम्हीच ठरवणार.’ ऐकायला भारदस्त आहे. पण इंजिनातला प्रत्येक भाग तुम्ही बनवता कुठे? सोलापुरातच प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशा कंपन्यांच्या इंजिनांसाठी तिथे कॅमशाफ्ट तयार झाले आहेत. म्हणजे इंजिनाच्या पोटातला, झडपा उघडझाप करणारा अस्सल भाग मोडनिंबहून तासाभराच्या अंतरावर घडतो. डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात बनतात. त्या कंपनीचं जुनं नाव मायको, आणि नाशिकचा चौक आजही त्याच नावाने ओळखला जातो. मुंढव्याच्या भारत फोर्जमध्ये क्रँकशाफ्ट घडतात. फिल्टर, क्लच, बेअरिंग, गॅस्केट, सगळं असंच बाहेरून येतं. तोच भाग कार कंपनीच्या खोक्यात आला की ‘ओरिजिनल’, आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात आला की ‘बाहेरचा’. फरक पुठ्ठ्याचा आणि भावाचा. आयोगापुढच्या चौकशीत कंपन्यांनी काही भागांवर खरेदीच्या दुपटीहून कितीतरी जास्त किंमत लावल्याचं दिसलं होतं, ते याच पुठ्ठ्याच्या जोरावर.

दुसरा बचाव सुरक्षेचा. बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे, त्याने इंजिन जाईल, माणूसही जाईल. डुप्लिकेट माल आहे, यात शंका नाही. नामवंत ब्रँडचा हुबेहूब खोका, आत रद्दी कागदाचा फिल्टर, हे मी नाकारत नाही. पण डुप्लिकेट आणि बाहेरचा यांची मुद्दाम केलेली सरमिसळ मला मान्य नाही. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बिलावर, स्वतःच्या हमीसह पार्ट विकणारा उत्पादक वेगळा आणि दुसऱ्याचं नाव छापून विकणारा चोर वेगळा. आणि चोराला गिऱ्हाईक मिळतं कशामुळे? अस्सल भाग खुल्या दुकानात मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, म्हणूनच. ज्यांनी अस्सल मालाची वाट अडवली, त्यांनीच नकली मालाच्या नावाने गळा काढावा, हे जरा जास्त होतं.

तिसरा बचाव जरा वजनदार आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यांची इंजिनं नाजूक आहेत, गावातल्या मिस्त्रीला ती कळत नाहीत. याला एका वाक्यात उडवून लावता येत नाही. सगळा वाद शेवटी ‘कशामुळे काय बिघडलं’ यावर येऊन ठरतो, म्हणून इथे बॉनेट उघडणं भाग आहे.

ऑइल फिल्टर घ्या. गाडी बंद असताना ऑइल खाली उतरून जाऊ नये म्हणून त्यात एक रबरी झडप असते, आणि फिल्टर चोंदला तर ऑइल अडू नये म्हणून ठरावीक दाबाला उघडणारी दुसरी. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये पहिली झडप निकृष्ट असली, तर रोज सकाळी सुरू करताना काही क्षण वरच्या भागांना आणि टर्बोच्या बेअरिंगला ऑइलच पोचत नाही. दुसरीचा दाब चुकीचा असला तर न गाळलेलं ऑइल फिरत राहतं. तेव्हा टर्बो गेला आणि फिल्टर बाहेरचा निघाला, तर कंपनीने फिल्टरकडे बोट दाखवणं गैर नाही. पण बोट दाखवणं म्हणजे पुरावा नव्हे. फिल्टर कापून बघता येतो. कागद फाटलाय का, झडप कडक झाली आहे का, आत धातूची चकाकी आहे का, हे डोळ्यांना दिसतं. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देता येतो. हे न करता ‘लोकल फिल्टर, क्लेम रिजेक्ट’ असा शिक्का मारणाऱ्याला निदान करायचंच नाही, असा अर्थ मी काढतो.

एअर फिल्टरचं आपल्या भागात विशेष. उसाच्या फडातले आणि वस्त्यांवरचे रस्ते, उन्हाळ्यातला फुफाटा. फिल्टरची कड नीट बसली नाही तर धूळ थेट आत जाते, आणि त्यातली वाळू रिंगा आणि बोअर घासून काढते. गाडी ऑइल खायला लागते, धूर निघतो. यात बाहेरचा फिल्टर गुन्हेगार असू शकतो. कसं ओळखायचं? फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडच्या नळीत बोट फिरवा. नळी स्वच्छ असेल तर धूळ तिथून गेलेली नाही. बोटाला माती लागली तर वाद मिटला. आणि हे लक्षात घ्या की कंपनीचा महागडा फिल्टरही वाकडा बसवला तर हेच होतं.

बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. तिला कमी राख सोडणारं ठरावीक प्रतीचं ऑइल लागतं. जुन्या गाडीचं ऑइल त्यात ओतलं तर जाळी राखेने हळूहळू बुजते, आणि तो खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. इथे मिस्त्रीची चूक खरी, आणि कंपनीचा नकार बरोबर. पण पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचंच ऑइल दुसऱ्या कंपनीचं घेतलं असेल तर नकाराला आधार काय? डब्यावर प्रत छापलेली असते. ब्रँड बघायचा नाही, प्रत बघायची.

काही ठिकाणी मी पूर्णपणे कंपनीच्या बाजूने आहे. इंजिनाच्या संगणकात ‘चिप’ टाकून ताकद वाढवली, टर्बोचा दाब वाढवला, आणि मग पिस्टन फुटला किंवा क्लच जळाला, तर तो खर्च कंपनीने का सोसावा? तिने इंजिन एका ताकदीला बांधलं, तुम्ही दुसऱ्या ताकदीला पळवलं. पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं आणि पुढे झडपांच्या बैठका झिजल्या, तर गॅसच्या कोरड्या ज्वलनाने त्या झिजतात, हे जगजाहीर आहे. कारखान्यातून सीएनजी होऊन येणाऱ्या इंजिनात म्हणूनच त्या बैठका वेगळ्या धातूच्या असतात. बाहेरचा टायमिंग बेल्ट तुटून झडपा पिस्टनवर आदळल्या, तर कारण आणि परिणाम यांच्यात शंकेला जागाच नाही. म्युझिक सिस्टिमसाठी वायरिंग कापली आणि शॉर्ट झालं, तर त्या वायरिंगची वॉरंटी मागू नये.

पण याच गाडीचा एसीचा कॉम्प्रेसर वॉरंटीत बंद पडला, स्टिअरिंगमधून आवाज यायला लागला, काचेची मोटर जळाली, तर चिप, गॅसकिट आणि बेल्ट यांचा तिथे काय संबंध? बदल कितीही मोठा असो, तो जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंतच वॉरंटीला हात लावू शकतो. अख्खी गाडी बाद करणं हे रागाचं काम आहे, अभियांत्रिकीचं नव्हे.

मिस्त्रीला बीएस-६ कळत नाही या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे. त्याला कळत नसेल तर कळू द्या. दुरुस्तीची माहिती, उपकरणं, प्रशिक्षण खुलं करा, असं आयोगाने २०१४ साली सांगितलं तेव्हा बीएस-६ यायला अजून सहा वर्षं होती. माहिती कुलपात ठेवायची आणि मग अडाणी म्हणून हिणवायचं, हे फार काळ चालू नये.

आता दुसऱ्या टोकाच्या शहाण्यांकडे वळतो, कारण त्यांनीही बरंच नुकसान केलं आहे. ‘कोर्टाने सांगितलंय, काहीही लावा, वॉरंटी जाऊच शकत नाही’ असं छातीठोक सांगणारे हल्ली वाढलेत. त्यांनी आदेशातलं अर्धंच वाक्य वाचलेलं असतं. चुकीच्या कामामुळे झालेल्या नुकसानापुरती वॉरंटी नाकारता येते, हे त्याच वाक्याचं दुसरं अर्धं आहे. सर्व्हिसिंगच्या तारखा न पाळता, बिल न घेता, रस्त्याकडेच्या दुकानातून नाव नसलेला पार्ट लावून जो वॉरंटी मागायला जातो, तो स्वतःच्या हाताने कंपनीला कारण पुरवतो. पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी हा वेगळा करार असतो, तिच्या अटी अनेकदा जास्त कडक असतात. सही करण्याआधी त्या वाचाव्यात. आणि वाहनाच्या नोंदणीत फरक पडेल असा बदल, मग ते गॅसकिट असो की आणखी काही, आरटीओच्या नोंदीशिवाय केला तर वॉरंटी राहो बाजूला, मोटार वाहन कायद्याचाच भंग होतो. तो प्रश्न वेगळा आहे, त्याची गल्लत इथे नको.

सिद्ध करायचं कुणी, या प्रश्नावर ग्राहक बहुधा हरतो, कारण तो घाबरून आधीच गप्प बसतो. भाग सदोष होता, हे दाखवायची पहिली जबाबदारी तक्रार करणाऱ्याचीच आहे. पण ‘दोष आमचा नाही, तुमच्या फिल्टरचा’ असं कंपनी म्हणाली, की ते तिचं विधान झालं, आणि जो विधान करतो त्याने ते दाखवावं, हा जुना न्याय आहे. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला कायद्यानेच दिलेला आहे. त्यासाठी वस्तू शिल्लक हवी. म्हणून काढलेला जुना पार्ट वर्कशॉपमध्ये सोडून येऊ नका. तो तुमचा आहे. पिशवीत घालून, तारीख लिहून घरी ठेवा.

आणखी एक. वॉरंटी देतो तो उत्पादक, डीलर नव्हे. काउंटरवरच्या माणसाच्या तोंडी नकाराला फारसं मोल नाही. कोणता भाग बिघडला, कोणत्या बाहेरच्या पार्टामुळे बिघडला, ते कशावरून ठरवलं आणि पुस्तिकेच्या कोणत्या अटीखाली नाकारताय, हे चार मुद्दे लेखी मागा. ईमेलवर मागा, कंपनीच्या ग्राहक कक्षालाही प्रत पाठवा. तोंडाने बेधडक बोलणारी माणसं सही करायची वेळ आली की वरिष्ठांना विचारायला आत जातात. बाहेर आल्यावर पुष्कळदा त्यांचा सूर बदललेला असतो.

गावातल्या गॅरेजवाल्यांनाही एक सांगणं आहे, आणि ते हक्काने सांगतो. बिल द्या. वहीच्या फाटक्या पानावर ‘फिल्टर, ऑइल, मजुरी’ एवढं लिहून भागणार नाही. पार्टचं नाव, त्याचा नंबर, ऑइलची प्रत, गाडीचं किलोमीटर आणि तारीख लिहा, रिकाम्या खोक्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवा. तुमच्या कामाचा कागद नसला की तुमचं चांगलं कामही कंपनीच्या दप्तरी ‘अनधिकृत छेडछाड’ म्हणून नोंदवलं जातं.

एवढं करूनही नकार आलाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथेच तक्रार दाखल करता येते. मोडनिंबच्या माणसाला त्यासाठी मुंबई किंवा गुरगावला जावं लागत नाही, सोलापूर पुरतं, आणि अर्ज ऑनलाइनही भरता येतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः पिकअप चालवणाराही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच आहे, ‘व्यावसायिक वापर’ म्हणून त्याला दारातून परत पाठवता येत नाही. मुदत दोन वर्षांची. गाडीसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पाच ते दहा लाखांच्या गाडीला ती २०० रुपये आहे.